सोयरा, शेजारी आणि शेजी

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या सभागृहात माझे एक व्याख्यान झाले. विषय मीच सुचवला होता : ‘संतकवितेतील शेजारधर्म’. मी प्राध्यापक नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. वह्या-पुस्तकांचे दुकान चालवता चालवता वाचत गेलो आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर शब्द टिपत गेलो. अशा माणसाच्या हाती एकदा माईक आला की तो जरा जास्तच बोलतो. शेवटी आवाज चढवून मी म्हणालो, ‘संतांनी शेजाऱ्याला सोयरा केले!’ टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर मागच्या सतरंजीवरून एक वयस्कर गृहस्थ उठले. ते कोणत्या वस्तीतून आले आहेत हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आमच्याकडे ते ठाऊक असतेच. त्यांनी शांतपणे विचारले, ‘मग सर, पुढं सोयरीक झाली का?’

लोक हसले. मीही हसलो आणि वेळ मारून नेली. आभारप्रदर्शन झाले, चहा झाला, माणसे पांगली. प्रश्न मात्र माझ्या वहीत राहिला. त्यानंतर जे जे वाचले ते त्या प्रश्नाच्या उजेडात वाचले. आज जे लिहितो आहे ते त्याचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

शेज आणि शेजार

आधी शब्द पाहू. ‘शेज’ म्हणजे अंथरूण. संस्कृत ‘शय्या’, प्राकृत ‘सेज्जा’, मराठी ‘शेज’ ही वाट सरळ आहे. शेजघर त्यातलेच, आणि पंढरपुरात रात्री विठ्ठलाला निजवताना होते ती शेजारतीही त्यातलीच. ‘शेजार’ या शब्दाची सांगडही याच शेजेशी घातली जाते. ज्याची निजायची जागा आपल्या निजायच्या जागेला लागून आहे, मध्ये फक्त भिंत, तो शेजारी.

इतर भाषांनी ही जवळीक वेगवेगळ्या खुणांनी ओळखली आहे. हिंदीतला ‘पडोसी’ हा संस्कृतातल्या ‘प्रतिवासी’च्या कुळातला, म्हणजे लागून किंवा समोर वस्ती असलेला. इंग्रजी ‘नेबर’च्या मुळाशी जवळ राहणारा कुळवाडी आहे. १९४८पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांना ‘हमसाया’ हा शब्दही परका नव्हता. हमसाया म्हणजे एकाच सावलीतला. शब्द फार सुंदर आहे. पण सावली उन्हातल्या वाटसरूलाही मिळते. तिथून उठून जाता येते. मराठीने मात्र शेजाऱ्याला ओळखले ते रात्रीच्या जागेवरून. रात्री माणूस असावध असतो. त्याचे खोकणे, रडणे, भांडणे, लेकराचे किंचाळणे भिंतीपलीकडे जाते. जे सोयऱ्यापासून लपवता येते ते शेजाऱ्यापासून लपत नाही.

जैन आगमांत ‘सेज्जायर’ असा एक शब्द येतो. संस्कृतात ‘शय्यातर’. साधूला मुक्कामासाठी जागा देणारा गृहस्थ तो शय्यातर. नियम असा की त्याच्याकडे राहावे, पण त्याच्या घरचे अन्न भिक्षेत घेऊ नये. ‘सेज्जायर’ आणि ‘शेजार’ यांचे ध्वनी जुळतात म्हणून त्यांचे नाते लावायची घाई मी करत नाही. शिवाय जैन नियमामागचे कारण साधूच्या आचाराचे आहे. पण जागा लागून, अन्न मात्र वेगळे, ही रचना आमच्या खेड्याला चांगली ओळखीची आहे. आमच्याकडे तिचे कारण जात होते.

आता व्याकरणाची एक गंमत. ‘शेजारी’ हे माणसाचे नाम आहे आणि ‘शेजार’ची सप्तमीही आहे. ‘तो आमचा शेजारी’ आणि ‘शाळेच्या शेजारी’ या दोन वाक्यांत रूप एकच. एकदा माणूस, एकदा जागा. निंदकाला जवळ राहायला जागा द्यावी, असे सांगणारे तुकोबांच्या नावावरचे चरण घरोघरी म्हटले जाते. त्यातला ‘शेजारी’ नीट पाहिला तर ती सप्तमी आहे, माणूस नाही. निंदकाला शेजारचे घर मिळते, पण शेजारी म्हणून तो कवितेत बोलत नाही. आपल्या कवितेत शेजार पुष्कळ आहे. त्या जागेत राहणारे माणूस दिसते का, एवढेच मला पाहायचे आहे.

गोदाकाठच्या भिंती

हे माणूस आपल्या सर्वांत जुन्या कवितेत आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा ‘गाहा सत्तसई’ हा सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली त्याची मराठी आवृत्ती सिद्ध केली. माझी प्रत जुन्या बाजारातली, पाठचे पुठ्ठे गेलेली आहे. सातवाहनांची राजधानी पैठण. त्या गाथांतली ‘गोला’ नदी म्हणजे आपली गोदावरी. पैठणखाली ती आमच्या गेवराई, माजलगावच्या काठाने वाहत जाते.

या गाथांत घरे एकमेकांना लागून आहेत. नवरा परगावी गेला आहे, बाई घरी एकटी आहे, आणि आजूबाजूच्या बायका तिचे चालणे, बोलणे, दिवा किती वेळ जळतो हे पाहत आहेत. कोणी तिची बाजू घेते, कोणी कुजबुजते. एक गाथा तर काव्यशास्त्रात गाजली. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ती व्यंग्यार्थाचे उदाहरण म्हणून घेतली. घरात मुक्कामाला आलेल्या वाटसरूला बाई दिवसाउजेडीच सासू कुठे निजते आणि आपण कुठे निजतो ते दाखवून ठेवते, आणि रात्री अंधारात आमच्या शेजेवर पडू नकोस असे बजावते. मनाई करता करता ती वाट सांगते. रसिकांनी या गाथेतला शृंगार पाहिला आणि तो आहेच. माझे लक्ष मात्र ती असे आडून का बोलते याकडे जाते. सरळ बोलायची सोय नाही, कारण ऐकणारे कान जवळ आहेत. सासूचे आहेत, आणि अशा वस्तीत भिंतीपलीकडचेही असणार.

म्हणजे या कवितेत शेजारी डोळा आणि कान म्हणून येतो. तो नात्याचा नाही आणि परकाही नाही. त्याला कोणी भाऊ म्हणत नाही, बहीण म्हणत नाही. त्याच्यापासून भीती आहे, आणि त्याच्याशिवाय चालतही नाही. गाथाकारांनी त्याला आहे तसा राहू दिला.

संतांनी केले ते काय

हजार-बाराशे वर्षांनी संतकवितेत आलो की हा शेजारी फारसा भेटत नाही. आमच्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. ‘विवेकसिंधु’ शके १११०चा मानला जातो. दासोपंतही तिथलेच. त्या वाटेने अद्वैताचा विचार येतो, आणि जिथे दुसराच उरत नाही तिथे शेजारी कुठून उरणार? ज्ञानदेवांचे पसायदान सर्व भूतांत परस्पर मैत्र मागते. तुकोबा झाडांना, वेलींना, रानातल्या जनावरांना सोयरे म्हणतात. हे सगळे किती मोठे आहे ते मी सांगायला नको. परंतु मैत्र झाले, सोयरे झाले, आत्मरूप झाले की मधली भिंत पडते, आणि भिंतीबरोबर भिंतीपलीकडचे माणूसही दिसेनासे होते.

माझ्या व्याख्यानातली चूक इथे होती. ‘सोयरा’ या शब्दाचा जुना अर्थ ‘आपला, जिवलग’ असा पसरट आहे, हे खरे. चोखोबांच्या पत्नीचे नावच सोयराबाई. पण व्यवहारात सोयरा होतो तो सोयरिकीने, आणि सोयरीक होते ती जातीत. गाव ज्या एका बाबतीत कधी चुकत नाही ती ही. म्हणजे कवितेने शेजाऱ्याला नेमके ते नाते देऊ केले जे व्यवहारात मिळणे अशक्य होते. ऐकणाऱ्याला भरून येत होते आणि त्याच्या घरात काही बदलत नव्हते. त्या गृहस्थांनी एका वाक्यात दाखवले ते हे.

चोखोबांची कथा या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही. मंगळवेढ्याचे गावकूस बांधायला महार वेठीला धरले होते, कूस कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. शके १२६०, म्हणजे १३३८ साल. नामदेवांनी विठ्ठलनाम ऐकू येणाऱ्या अस्थी ओळखून पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. जे कूस त्यांना बाहेर ठेवायचे तेच ते बांधत होते. समाधीही दाराबाहेरच झाली. विठ्ठलाचे ते कायमचे शेजारी झाले.

तरी संतपरंपरेत तीन जागी मला खरा शेजार सापडला.

पहिली जागा गवळण. नामदेव, एकनाथ, तुकाराम अशा अनेकांच्या गवळणी आहेत. तत्त्वज्ञान बाजूला ठेवून नुसता प्रसंग पाहावा : शेजारपाजारच्या बायका यशोदेच्या दारात उभ्या आहेत आणि तिच्या पोराने आमचे दही खाल्ले, मडके फोडले म्हणून गाऱ्हाणे करत आहेत. देवाविरुद्ध तक्रार करायचा अधिकार त्यांना कशाने मिळाला? शेजाराने.

दुसरी जागा जनाबाई. त्या गंगाखेडच्या, आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातल्या. त्यांचा विठ्ठल त्यांच्याबरोबर दळू लागतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो. याला सख्यभक्ती म्हणतात. पण जाते कसे ओढतात हे ज्याने पाहिले आहे त्याला आणखी काही दिसेल. दोघी समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचे हात. समोरची बाई जाऊ असते, नणंद असते, आणि घरात कोणीच नसेल तर शेजारीण असते. जनाबाईला कोणी नव्हते. तिने देवाला त्या शेजारणीच्या जागी बसवले.

तिसरी जागा एकनाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’. एक मराठीत बोलतो, दुसरा दखनीत. दोघे एकमेकांच्या देवाचे, पूजेचे, सोवळ्या-ओवळ्याचे वाभाडे काढतात आणि अखेरीस समेट होऊन एकमेकांना भेटतात. व्याख्यानांत सगळा भर त्या शेवटच्या मिठीवर असतो; मीही तोच द्यायचो. आता मला भांडण अधिक मोलाचे वाटते. दोघांना एकमेकांच्या घरातले किती बारीकसारीक ठाऊक आहे ते पाहावे. परक्या माणसाला असे टोचून बोलता येत नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लागून राहावे लागते. शेवटी दोघे आपापला धर्म घेऊनच घरी जातात. कोणी कोणाचा सोयरा झाला नाही, आणि संवाद तरीही झाला.

शेजी

शेजाऱ्याला पूर्ण माणूस म्हणून कवितेत आणले ते बायकांनी. जात्यावरच्या ओवीत शेजारणीला ‘शेजी’ म्हणतात, लाडात ‘शेजीबाई’. बोलण्यातून हा शब्द बराचसा गेला आहे. ओवीत तो पावलोपावली भेटतो.

ओव्यांचे धन आपल्याकडे मोठे आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्यांतून रामकथा जुळवली. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. माझ्या वहीतल्या ओव्या त्यापुढे मूठभर, त्याही बऱ्याचशा आईच्या तोंडच्या. माझ्या लहानपणी गावात पिठाची गिरणी होती, पण डाळ जात्यावरच भरडली जायची.

या सगळ्यांत शेजी काय करते? माहेरून भाऊ आला की गाणारी आधी शेजीला सांगते. आनंद बघायला कोणी तरी हवे असते, आणि सासरच्यांना तो बघवत नसतो. पीठ-मीठ सरले की शेजीकडे हात पसरायचा, आणि घेतलेले माप शीग भरून परत करायचे. दुःख मात्र शेजीला सांगू नये, ते वेशीपर्यंत जाते, असे ओवी बजावते. आणि हे बजावताना ती शेजीलाच हाक मारून बोलत असते. शेजी किती केले तरी आईची सर तिला नाही, असेही बाई स्पष्ट म्हणते. शेजी हेवा करते, टोमणे मारते, आणि बाळंतपणात रात्रभर उशाशी बसते.

संतांच्या सोयऱ्यात आणि ओवीतल्या शेजीत हा फरक आहे. शेजीला आई केले जात नाही, बहीण केले जात नाही. तिच्यावर संशय आहे आणि तिच्यावाचून अडतेही. तिच्याशी असलेले नाते रोजच्या देवघेवीवर टिकते. चार दिवस देवघेव थांबली की ते थांबते. ‘त्या दोन घरांत विस्तव जात नाही’ असे आपण वैर सांगताना म्हणतो. काडीपेटी महाग होती तेव्हा सकाळी चूल पेटवायला शेजारच्या चुलीतला निखारा गोवरीवर घेऊन येत. या वाक्प्रचारात मला त्या निखाऱ्याची आठवण दिसते. वैर म्हणजे निखारा न देणे. आई सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात सुकडी आणि मिलोवर दिवस काढले तेव्हा कोणाकडे किती उसने हे कोणी लिहून ठेवले नाही आणि कोणी विसरलेही नाही.

मात्र ओवीचा गौरव करतानाही ते वयस्कर गृहस्थ मला मागच्या सतरंजीवर दिसतात. शेजी कोणाची? वाड्यातल्या बाईची शेजी वाड्यातली, महारवाड्यातल्या बाईची महारवाड्यातली. निखारा एका आळीत फिरायचा, गावकूस ओलांडायचा नाही. शेज लागून असायला घर लागून असावे लागते, आणि कोणाचे घर कोणाच्या घराला लागून असावे हे जातीने ठरवून ठेवले होते. शेजी हा शब्द खरा होता, पण कुसाच्या अलीकडे वेगळा आणि पलीकडे वेगळा होता.

कुसाबाहेरून

आधुनिक कवितेने मोठ्या उमेदीने हे कूस ओलांडायला घेतले. केशवसुतांच्या ‘नवा शिपाई’ला जिकडेतिकडे आपली भावंडेच दिसतात. जात, पंथ, मुलूख झुगारणारी ती कविता शाळेत पाठ केली तेव्हा अंगावर काटा आला होता. पण तिथेही शेजाऱ्याला थेट भावंड व्हावे लागते. आपल्या कवितेला नाते जोडल्याशिवाय प्रेम करताच येत नाही की काय, अशी शंका मला येते.

बायबलातही शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितले आहे. मराठी बायबलने तिथे ‘शेजारी’ हाच शब्द घेतला. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो की शेजारी म्हणायचे तरी कोणाला. उत्तरादाखल येशू गोष्ट सांगतो ती वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची. त्याला उचलून नेतो तो शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या समाजातला. शेजारी कोण, हे घराच्या जागेवरून ठरत नाही असा त्याचा रोख. आमच्या वयस्कर गृहस्थांना ही गोष्ट पटली असती. फक्त पुढे काय झाले, हे त्यांनी विचारले असते.

हा प्रश्न मराठी कवितेला बाहेरून विचारला गेला तो दलित कवितेत. वामन निंबाळकरांच्या १९७३च्या संग्रहाचे नावच ‘गावकुसाबाहेरील कविता’. पुढच्याच वर्षी दया पवारांचा ‘कोंडवाडा’ आला. चुकार जनावरे कोंडतात ती जागा. आधीच्या वर्षी आलेला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हेही मुंबईतल्या एका वस्तीचे नाव. तिन्ही शीर्षके जागेची आहेत. ज्यांना भाऊ, सोयरा, आत्मा सगळे म्हणून झाले होते त्यांनी पहिल्यांदा सांगितले की आधी आम्ही कुठे राहतो ते पाहा.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याविषयी अतिशय कठोर शब्द वापरले होते, त्याचे कारणही हेच. ज्यांना खेडे म्हणजे आपुलकी वाटत होती ते कुसाच्या आतून पाहत होते. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायकांकडून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. त्या भीमरायाच्या ओव्या आहेत. जाते तेच, चाल तीच, आणि नाते जोडले आहे ते ज्याने कुसाबाहेर यायचे कारण दिले त्याच्याशी.

शहरात थोडे वेगळे घडले. गिरणगावातल्या चाळीत भिंती पातळ आणि माणसे नाना तऱ्हेची. नारायण सुर्वे यांच्या ‘शीगवाला’ कवितेत दाऊद चाचा आणि लिहीत बसलेला पोरगा बोलतात. भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी. ती कुठल्याच पुस्तकातली नाही. ‘चाचा’ ही हाक नात्याची आहे, पण त्या हाकेने दाऊद हिंदू होत नाही आणि पोरगा मुसलमान होत नाही. एकनाथांच्या संवादानंतर शेजारी एवढ्या स्पष्ट आवाजात बोलताना मी क्वचितच ऐकला.

किल्ली

हे सगळे आज लिहावेसे का वाटले, ते सांगतो.

गेली दोन वर्षे आमच्या जिल्ह्यात माणसाच्या नावाआधी आडनाव ऐकले जाते. २०२४च्या जानेवारीत सरकारने ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणारा मसुदा काढला आणि संतांचा सोयरा राजपत्रात जाऊन बसला. कोणाची मागणी रास्त, हा या लेखाचा विषय नाही. माझ्यासारख्या शब्द टिपणाऱ्याने एवढेच टिपले की ‘सोयरा’ ठरवायला कागद लागतात. २०२५ साली बीड जिल्ह्यातल्या पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढून नुसती नावे ठेवली गेली. आडनाव झाकावे लागते, यातच ते काय करू शकते ते आले.

माझ्या घराच्या शेजारचे कुटुंब आमच्या जातीचे नाही. तीस वर्षे दिवाळीला फराळाचे ताट या घरातून त्या घरात आणि त्या घरातून या घरात जात होते. २०२४च्या दिवाळीत, विधानसभेच्या प्रचाराच्या दिवसांत, ते गेले नाही. त्यांच्याकडून आले नाही म्हणून आम्ही दिले नाही, की आमच्याकडून गेले नाही म्हणून त्यांनी दिले नाही, हे मला आता सांगता येणार नाही. भांडण झाले नव्हते. कोणी काही बोलले नव्हते. ‘संतकवितेतील शेजारधर्म’ या विषयावर बोललेला मी घरात बसून होतो आणि ताट झाकून ठेवलेले होते.

दिवाळी झाली. कारखाने पेटायची वेळ आली. त्यांच्या घरातले नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. जोडीने जायचे, हिशेबात त्या दोघांना मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. सहा महिने उसाच्या फडालगत कोपी. तिथे रांगेने लागून शेकडो कोप्या असतात, आणि कापडाच्या भिंतीपलीकडचा शेजारी दरवर्षी नवा असतो. सासूबाई थकलेल्या, त्या मागे गावातच राहतात. निघायच्या पहाटे ती बाई आमच्या दारात आली. ट्रॅक्टर कोपऱ्यावर उभा होता. तिने आतल्या खोलीची किल्ली माझ्या बायकोच्या हातात दिली आणि वळून सासूला म्हणाली, ‘रातच्याला काही झालं तर शेजीला हाक मारा.’

जो शब्द बोलण्यातून गेला म्हणून मी वहीत नोंदवला होता, तो माझ्याच ओट्यावर, माझ्याच बायकोसाठी वापरला गेला. त्या बाईने आम्हाला सोयरे म्हटले नाही. ताटाचा विषयही काढला नाही. रात्रीची जागा लागून आहे आणि म्हातारी एकटी आहे, एवढा तिचा हिशेब होता. मराठीने शेजाऱ्याला शेजेवरून का ओळखले, ते मला तेव्हा कळले.

म्हणून त्या गृहस्थांना माझे उत्तर असे : नाही, सोयरीक झाली नाही. आणि झाली असे कवितेच्या आधाराने भासवून मी टाळ्या घेतल्या, ही माझी चूक. संतांचे मोठेपण त्याने उणे होत नाही. पण शेजारधर्म शोधायला मी चुकीच्या शब्दापाशी गेलो होतो. तो गवळणीच्या गाऱ्हाण्यात, जनाबाईच्या जात्यापाशी, एकनाथांच्या भांडणात आणि ओवीतल्या शेजीपाशी होता. नाते न जोडता, जात न विसरवता, भिंत असतानाच पलीकडच्या हाकेला ओ देण्याची ती रीत आहे. तिलाही गावकूस होते, आणि ते कूस कवितेने पडत नाही. जिथे घरे खरोखर लागून आली आहेत, तिथे तरी निखारा थांबवू नये, एवढे ही कविता सांगते.

त्या हिवाळ्यात म्हातारीने दोनदा हाक मारली. एकदा दम लागला म्हणून, एकदा मांजराच्या आवाजाने घाबरून. मार्चअखेर पट्टा पडला, माणसे परतली, आम्ही किल्ली दिली. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या पुन्हा निघायच्या तयारीत असतील. किल्ली येईल तेव्हा येईल. ताट यंदा आमच्याकडून आधी जाईल, आणि ते मी स्वतः घेऊन जाईन.